गोल्फ खेळतोस का रे?

मे महिना लागला की नांदेड काय आणि लातूर काय, चौकाचौकांत क्रिकेटच्या उन्हाळी शिबिरांचे फ्लेक्स. पंधरा दिवसांत पोरगं सुधारून मिळतं म्हणे. सुधारायचं काय, तर बॅटचा स्विंग. बॅट जरा आडवी फिरली की आरोळी ठरलेली, "गोल्फ खेळतोस का रे?" मग सगळ्यांच्या बॅटा एका रेषेत, सगळ्यांची कोपरं वर. याला दुरुस्ती म्हणत नाहीत मंडळी, कवायत म्हणतात!

आमची पोरं आडवी मारतात कारण ती टेनिस बॉलवर शिकतात. कडक जमिनीवरून तो छातीपर्यंत उसळतो, गल्लीत ऑफला कुणाची तरी भिंत असते, रन काय ते लेगला. त्यात बॅट थोरल्या भावाची, जड. खालच्या हाताने ओढल्याशिवाय ती फिरणार कशी? म्हणजे पोरगं गल्लीत बरोबरच खेळत होतं. लेदरचा बॉल तेवढा उसळत नाही, तिथे घोटाळा होतो.

सचिनही लहानपणी अजितच्या जड बॅटने खेळायचा, म्हणून तिला खाली धरायचा. पकड बदलून पाहिली, जमेना, तशीच ठेवली. ब्रॅडमनची बॅट मागे जाताना स्लिपकडे जायची. कसोटी सरासरी 99.94. आणि खुद्द गोल्फमध्ये? जिम फ्युरिकचा स्विंग यूट्यूबवर बघाच. वर जाताना एक रस्ता, खाली येताना दुसरा. वडीलच कोच, त्यांनी तो बदलला नाही. गडी 2003 ची यूएस ओपन जिंकला आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर 58 फटक्यांत फेरी संपवणारा पहिला ठरला.

ते अलौकिक, आमच्या बंड्याचं काय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, दोष असतातच. पण बॅट वर कशी जाते ते सोडा, बॉलला लागताना काय होतं ते बघा. डोकं ऑफला कललं की पुढचा पाय आडवा पडतो, बॅट त्याला वळसा घालून येते आणि एलबीडब्ल्यू. ड्राइव्ह मारताना बॉल वर उडत असेल तर खालचा हात लवकर आवळला जातोय, बॅटचं तोंड आधीच मिटतंय. खालच्या हाताचा फक्त अंगठा आणि दोन बोटं लावून अंडरआर्म टाकलेले बॉल खेळू द्या. बाकी कशाला हात लावू नका.

पण फी घेतली की काहीतरी बदललेलं दिसायला हवं ना! कोपर वर गेलेलं पालकांना लगेच दिसतं. माझ्या भाच्याला लातूरच्या एका शिबिरात तीन दिवसांत चार गोष्टी बदलायला लावल्या. पकड, स्टान्स, बॅकलिफ्ट, कोपर. चौथ्या दिवशी लेकरू म्हणालं, पोट दुखतंय. (ते पोट अजून दुखतंच आहे.)

असो. ताई, वाचत असशीलच. त्याला ओरडू नकोस, आधी बॅट काट्यावर ठेव. किलोच्या वर भरली तर फोन कर, रविवारी नांदेडहून येताना हलकी घेऊन येतो.