मुक्कामाच्या खोलीतील वर्गभेद

व्यापारी नियतकालिकांतून अधूनमधून एक प्रश्न मोठ्या गांभीर्याने चर्चिला जातो : कामानिमित्त परगावी जाणाऱ्याने स्वस्त लॉजमध्ये उतरावे, की तारांकित हॉटेलात? उत्तर बहुधा ठरलेलेच असते. चांगल्या खोलीत झोप चांगली लागते, ताजेतवाने मन चांगले सौदे करते. सबब महागडी खोली हा खर्च नसून गुंतवणूक होय! युक्तिवाद क्षणभर मान्य करू. मग यंत्राच्या दुरुस्तीसाठी रात्रीच्या एस.टी.ने धाडलेल्या फिटरला झोपेची गरज नसते काय? फिसकटलेला सौदा पुन्हा करता येतो. झोपेच्या गुंगीत यंत्रात गेलेल्या हाताचे काय?

मुळात येथे 'निवड' हा शब्दच फसवा आहे. कोणी कोठे झोपावे, हे ज्याचे त्याचे पद आधीच ठरवून ठेवते. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्ये प्रवासभत्त्याचे जे नियम केले, ते कार्यकर्त्यांनी मुद्दाम पाहावेत. वेतनस्तर १४ व त्यावरील अधिकाऱ्यास एका दिवसाच्या हॉटेलखर्चाची मर्यादा ७,५०० रुपये. स्तर ५ व त्याखालील कर्मचाऱ्यास ४५० रुपये. स्तर ५ चे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते, स्तर १४ चे १,४४,२०० पासून. म्हणजे वेतनात अंतर पाचपटीचे, पण अंथरुणात सोळा पटींहून अधिक! जेवणाच्या बाबतीत नियमकर्त्यांना थोडी लाज वाटली असावी. तेथे मर्यादा अनुक्रमे १,२०० व ५०० रुपये ठेवल्या होत्या. पुढे महागाईनुसार टक्केवारीने वाढ दिली तरी हे गुणोत्तर जेथल्या तेथेच राहते. साडेचारशे रुपयांत मुंबईत स्वच्छ खोली कोठे मिळते, हे नियम करणाऱ्यांनी एकदा स्वतः शोधून पाहावे.

खासगी क्षेत्रात तर नियमाचाही आडपडदा नाही. औषधकंपन्यांच्या विक्री-प्रतिनिधींसाठी १९७६ मध्ये झालेल्या कायद्याने नेमणूकपत्र, रजा यांची हमी दिली. मुक्कामाचा दर्जा मात्र मालकाच्या मर्जीवरच राहिला. आता तो कायदाही २०२० च्या श्रमसंहितेच्या पोटात गेला आहे.

वरिष्ठांच्या त्या आलिशान खोलीचे बिल भरतो कोण? 'कंपनी' हे उत्तर अर्धेच खरे आहे. व्यवसायासाठी केलेला खर्च करपात्र नफ्यातून वजा होतो. बड्या कंपन्यांना २०१९ पासून उपलब्ध असलेल्या सवलतीच्या कराचा प्रभावी दर सुमारे २५ टक्के आहे. म्हणजे नफ्यातील कंपनीच्या हॉटेलबिलातील प्रत्येक शंभर रुपयांमागे सुमारे पंचवीस रुपयांच्या महसुलावर सार्वजनिक तिजोरी पाणी सोडते. उलट भत्ता अपुरा पडला म्हणून कारकून पदरचे जे घालतो, त्याची वजावट त्याला मिळत नाही.

कंपनीकराची ही कपात २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात जाहीर झाली. त्याच दिवशी तेथेच भरलेल्या वस्तू व सेवा कर परिषदेने ७,५०० रुपयांवरील खोल्यांचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला. एक हजारापर्यंतची खोली तेव्हा करमुक्त होती. जुलै २०२२ मध्ये तिच्यावर १२ टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला खरा, पण सातशेची खोली आणि सात हजारांची खोली आता एकाच दराने बसविल्या आहेत. याला म्हणे करसुधारणा!

आपल्यातील काही मित्र म्हणतील, सर्वांनीच धर्मशाळेत राहावे. २००९ मध्ये केंद्रातील दोन मंत्र्यांना काटकसरीच्या नावाने पंचतारांकित हॉटेले सोडावी लागली, तेव्हा आपल्याकडेही टाळ्या वाजल्या होत्या. मला ही भूमिका पटत नाही. काटकसरीची मोहीम वरून निघते आणि तिची कुऱ्हाड खाली पडते. ढेकूण आणि तुंबलेले संडास यांत समाजवाद नाही. स्वच्छ अंथरूण, पाणी, आतून लागणारी कडी (एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीकर्मचाऱ्याला तिचे मोल विचारा) हा श्रमाच्या परिस्थितीचा भाग आहे.

यात माझेही हात स्वच्छ नाहीत. एका महाविद्यालयाच्या तपासणीसाठी गेलो असता यजमानांनी मला उत्तम हॉटेलात उतरविले. सकाळी खाली आलो तेव्हा आमचा मोटारचालक गाडीच्या मागच्या आसनावर पाय दुमडून झोपलेला दिसला. त्याच्या रात्रीची चौकशी करणे मला सुचले नव्हते, आणि परतीचे दोनशे किलोमीटर त्याच्याच हाती होते.

म्हणून कामगार संघटनांनी पुढील मागणीपत्रांत मुक्कामभत्त्याचे कलम घालावे. मर्यादा पदानुसार नव्हे, शहरातील खोल्यांच्या दरानुसार ठरावी आणि ती व्यवस्थापकापासून शिपायापर्यंत एकच असावी. त्यावरील खर्च कंपनीने खुशाल करावा. करपात्र नफ्यातून त्याची वजावट मात्र मिळू नये. महापालिका व जिल्हा परिषदांतील आपल्या सभासदांनी अभ्यासदौऱ्यांवर ही मर्यादा आजपासूनच पाळावी. आणि मोटारचालकाची खोली बिलात स्वतंत्र ओळीने दाखविली जावी.