न विचारलेले प्रश्न

रॉक संगीत म्हणजे तरुणांचा गोंगाट, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मात्र ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला, तेव्हा विशीत असलेले त्याचे श्रोते आज सत्तरीपलीकडे पोहोचले आहेत. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात तो ७४१ आठवडे होता. हातून निसटणारा काळ, पैशाचा मोह, मनाचा ढळणारा तोल आणि मृत्यू हे त्याचे विषय. वय वाढते तसे ते जुने होत नाहीत, अधिक जवळचे होतात.

मनाच्या आजाराची झळ या कलावंतांनी स्वतः अनुभवली होती. त्यांचे आरंभीचे गीतकार सिड बॅरेट यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि १९६८ मध्ये ते वाद्यवृंदातून दूर झाले. या सहकाऱ्याची सावली अल्बमच्या अखेरच्या भागावर पडली आहे. तिथे आजारी माणसाची चेष्टा नाही. तो आपल्यातलाच एक आहे, ही जाणीव आहे.

ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत झाले. तिथे रॉजर वॉटर्स यांनी कार्डांवर काही प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत वावरणाऱ्यांना ते विचारून उत्तरे मुद्रित केली. मृत्यूची भीती वाटते का, हा त्यांतला एक प्रश्न. स्टुडिओच्या दारवानाने त्याचे उत्तर अगदी सहजपणे दिले. भीती वाटत नाही, एक दिवस जायचेच आहे, असा त्याचा आशय. गाजलेल्या गायकांच्या पंक्तीत त्या दारवानाचा आवाज आजही ऐकू येतो.

काळजीवाहकांनी यातून घेण्याजोगे बरेच आहे. घरातील वृद्धांना आपण औषध घेतले का, जेवण झाले का, एवढेच विचारतो. त्यांना कशाची भीती वाटते, काय करायचे राहून गेले, अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे विचारणे अशुभ मानून टाळतो. मग तो निर्णय रुग्णालयाच्या दारात, घाईघाईने, त्यांच्या वतीने इतरांना घ्यावा लागतो. असे प्रश्न निवांत वेळी विचारावेत, उत्तर मध्येच तोडू नये. सांगायची इच्छा नसेल, तर मौनाचाही मान राखावा.

बोलण्याची वाट अनेकदा संगीतातून सापडते. तारुण्यात ऐकलेली गाणी स्मृतीत खोलवर रुजलेली असतात. मग ती रॉकची असोत, नाट्यपदे असोत वा अभंग. निवड मात्र ज्येष्ठांची असावी. हा अल्बम लावल्यास आवाज मंद ठेवावा. त्यात एके ठिकाणी अनेक घड्याळांचे गजर एकाएकी वाजतात. श्रवणयंत्र वापरणारे किंवा स्मृतिभ्रंश असलेले ज्येष्ठ दचकू शकतात.

अल्बम जेमतेम पाऊण तासाचा आहे. तो संपल्यावर लगेच उठू नये. पुढचा पाऊण तास त्यांच्या बोलण्यासाठी राखून ठेवावा.