घरोघरी गॅसच्या शेगड्या

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आता आगाशीसारख्या गावातही बव्हंशी म्हण म्हणूनच उरली आहे. एके काळी येथील वाड्यांतून नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या यांवर चुली पेटत. आज ओट्यावर काचेची शेगडी असते आणि ओट्याखाली १४.२ किलो वायूचा सिलिंडर. चुलीचा विस्तव डोळ्यांना दिसे, धूर नाकाला झोंबे, म्हणून तिचा धाक असे. पोतेरे फिरवल्यावाचून सकाळी ती कोणी पेटवीत नसे. गॅस दिसत नाही आणि धूरही करीत नाही. ज्याचा त्रास नाही त्याचा धाकही नाही, अशी आपली समजूत झालेली आहे.

ही समजूत किती खोल आहे याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने आपल्याच घरात घेतला. शेगडी दुरुस्त करण्यास आलेल्या कारागिराने नळी उलटून तिच्यावरचा छापील मजकूर वाचून दाखविला. तिची मुदत संपून तीन वर्षे झाली होती. वर्गात विमा आणि जोखीम यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाने आपल्या घरातील दीड मीटरच्या नळीकडे कधी पाहिलेच नव्हते! कारण उघड आहे. त्या शेगडीपुढे दिवसातून चार तास तो उभा राहत नव्हता.

प्रश्नाचे मर्म येथेच आहे. घरात पैसा कोठे खर्च करावयाचा हे एक माणूस ठरवितो आणि जोखीम दुसरे माणूस वाहते. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच बदलतो, परंतु नळी, रेग्युलेटर आणि शेगडीचे खटके ‘अजून चालताहेत’ म्हणून तसेच राहतात. ज्या श्रमाला घरात किंमत नाही, त्या श्रमाच्या सुरक्षिततेलाही अंदाजपत्रकात स्थान मिळत नाही.

याचा एक भीषण इतिहास आपल्याला ठाऊक आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही वृत्तपत्रांतील नित्याची बातमी होती. त्यांतले काही मृत्यू खरोखरीचे अपघात होते, तर काही सरळ गुन्हे. परंतु ‘भडका उडाला’ या एका क्रियापदाखाली दोन्ही झाकले जात. भडका जणू आपण होऊन उडे! स्त्रियांच्या चळवळीने या शब्दप्रयोगाला आव्हान दिले. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीसंबंधीचे ३०४-ब ही कलमे आली. गुन्ह्यांपुरता तो पडदा काही अंशी तरी दूर झाला. अपघातांपुरता मात्र तो अजून तसाच आहे. आजही ‘गॅसचा स्फोट झाला’ असे आपण म्हणतो. कोणी काय करावयाचे राहिले, हे विचारीत नाही.

वस्तुतः करावयाचे ते फार नाही आणि अवघडही नाही. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत पसरतो, कोनाड्यात साचतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा. तो बंद कपाटात ठेवू नये, आणि ओट्याखाली कपाट असलेच तर त्याला तळाशी झरोके हवेत. नळी सबंध दिसेल अशी असावी, भिंतीतून नेऊ नये आणि पाच वर्षांनी बदलावी. वाडीतल्या घरांत उंदीर कमी नाहीत. तारेचे अस्तर असलेली मुद्रांकित नळीच घ्यावी. शेगडीवर भारतीय मानक संस्थेची खूण आहे की नाही हे पाहावे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते, हे आगाशी-अर्नाळ्याच्या माणसाला सांगावयास नको. सिलिंडरच्या मानेजवळील पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे ‘डी’पर्यंत. ती त्याच्या पुढील चाचणीची मुदत होय. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर दारातूनच परत करावा.

ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली, भांड्यांचे बूड काळे पडू लागले, की हवा आणि वायू यांचे मिश्रण बिघडले असे समजावे. अशा ज्वलनातून विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, आणि इंधन वाया जाते ते निराळेच. बहुधा दोष बर्नरच्या छिद्रांत अडकलेल्या उतू गेलेल्या दुधाचा वा डाळीचा असतो. रेग्युलेटर बंद करून, शेगडी थंड झाल्यावर, बर्नरच्या टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात भिजवाव्यात, छिद्रे बारीक सुईने मोकळी करावीत आणि टोप्या पुरत्या वाळवूनच बसवाव्यात. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून पाहणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. वास आलाच तर खटके आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये, घराबाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

नळाने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असतो व छताकडे जातो. त्यासाठी झरोके वर हवेत. त्याचा दाबही निराळा असल्याने शेगडीची तोटी बदलावी लागते. ते काम प्रशिक्षित माणसाचेच आहे. याउलट १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून ज्या घरी सिलिंडर पोचला, तेथे पुष्कळदा एकाच खोलीत चूलही पेटते आणि शेगडीही. जमिनीलगत साचणारा वायू आणि जमिनीवरचा विस्तव हे शेजार फार वाईट.

आता कोणी म्हणेल की, एवढे सारे ठाऊक असूनही लोक तपासणी का टाळतात? गॅस जोडणीची पाच वर्षांनी तपासणी अनिवार्य आहे, परंतु तिचे शुल्क दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती द्यावयाचे असते. तो खरा की तोतया, आणि नळी खरोखर जुनी झाली की त्याला विकावयाची आहे, असा संशय गृहिणीला येतो. हा संशय अडाणीपणाचा नव्हे, अनुभवाचा आहे. शिवाय भाड्याच्या घरात मालक म्हणतो, राहणाऱ्याने पाहावे. राहणारा म्हणतो, घर त्याचे. दोघांच्या मध्ये नळी जुनी होत राहते. आणि विरारसारख्या दाटीच्या शहरात एका घरातील हयगयीची किंमत भिंतीपलीकडचे कुटुंब मोजते. ज्या व्यवहाराची झळ तिसऱ्याला लागते तो केवळ खाजगी राहत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे.

म्हणून तपासणीचे शुल्क वेगळे न घेता सिलिंडरच्या किमतीतच धरावे. ते अडीचशे रुपये मानले आणि कुटुंब वर्षाला आठ सिलिंडर वापरते असे धरले, तर पाच वर्षांच्या चाळीस सिलिंडरांमागे ते प्रत्येकी सव्वासहा रुपये पडते. पैसे आधीच दिलेले असले की तपासणी टाळण्याचे कारण उरत नाही. उलट ग्राहकच ती हक्काने मागेल. अपघातासाठी तेल कंपन्यांनी काढलेला विमा असतो आणि मृत्यू ओढवल्यास माणशी सहा लाख रुपयांपर्यंत भरपाईची त्यात तरतूद आहे, हेही पावतीवर ठळक मराठीत छापले जावे.

तोवर आपण काय करावे? आमच्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी रस्ते झाडतात. एका रविवारी त्यांनी घरोघरी जाऊन काहीही न विकता, काहीही न उघडता, फक्त नळीवरचे साल वाचून घरच्या माणसांना सांगावे. आणि त्यांची वाट पाहण्याचेही कारण नाही. आज संध्याकाळी वाचकाने स्वतःच ओट्याखाली वाकून पाहावे. ज्यांनी आजवर ते कधीच केले नाही, त्यांनी तर अवश्य वाकावे.