आधी बूट, मग मोजे

टीव्हीवर युरोपातले फुटबॉल खेळाडू तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घालून खेळताना दिसतात आणि महाड-पोलादपूरच्या शाळेतला मुलगाही तसेच मोजे मागू लागतो. साध्या मोज्यांच्या कितीतरी पट किमतीचे हे ग्रिप सॉक्स पालकांना घ्यायला सांगावेत का, हे मग क्रीडाशिक्षकाला ठरवावे लागते. आमचे मत स्पष्ट आहे : आधी बूट बघा.

धावता धावता खेळाडू झटकन वळतो तेव्हा पकड तीन ठिकाणी लागते : स्टड आणि जमीन, इनसोल आणि मोजा, मोजा आणि कातडी. ग्रिप सॉक्सला ठिपके आतूनही असतात, बाहेरूनही. त्यांचे काम शेवटच्या दोन ठिकाणी. बूट जमिनीत रुतून थांबला आणि पाय मात्र आत पुढे सरकला, तर वळायला तेवढा उशीर होतो. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी जास्त घर्षणाचे इनसोल वापरून पाहिले, तेव्हा ही आतली सरक कमी झाली आणि दिशा बदलण्याची कामगिरी सुधारली. म्हणजे कल्पनेत तथ्य आहे.

पण आपली मैदाने कशी आहेत? या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका त्यातच सुरू होतो. लाल माती स्टडच्या मध्ये भरली की बुटाचा तळ गुळगुळीत होतो. तिथे घसरणाऱ्या मुलाला जगातला कुठलाही मोजा सावरू शकत नाही. मध्यंतरात काडीने चिखल काढणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि तो फार थोडे संघ करतात.

दुसरी अडचण मापाची. रायगड हा कबड्डीचा जिल्हा. मातीत अनवाणी खेळत वाढलेल्या मुलाचा पंजा बहुधा रुंद असतो. बाजारातला अरुंद बूट त्याला चावतो, म्हणून दुकानात एक माप मोठा घेतला जातो. त्यात वाढत्या वयाचा हिशेब धरून आणखी एक. रुंदी जमते, लांबी उरते आणि टाच प्रत्येक पावलाला उचलली जाते. सराव संपल्यावर इनसोल बाहेर काढून पाहा. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले असतील तर बूट ठीक. ते पुढे-मागे फरफटलेले दिसले, तर पाय आत फिरतो आहे. मग मुलाला त्याच इनसोलवर उभे करा. अंगठ्यापुढे बोटभरापेक्षा जास्त जागा उरली, तर बूट बदला.

फोडांबद्दलही सावध राहायला हवे. ग्रिप सॉक्सने फोड येत नाहीत, असे सरसकट सांगितले जाते. पण मोज्याने कातडी घट्ट धरली तरी आतले हाड हलतच राहते आणि ताण खोलवर जातो. दुपदरी मोजे तर उलट तत्त्वावर चालतात : ते दोन पदरांमध्ये सरकू देतात आणि कातडी वाचवतात. त्यामुळे नवा मोजा थेट सामन्यात नको. आधी छोट्या सरावात घालू द्या. पावसाळ्यात ओला मोजा तासन्‌तास पायात राहिला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ठिपक्यांचा महागडा एकच जोड असलेला मुलगा तोच ओला जोड पुन्हा घालतो. त्यापेक्षा साधे, कोरडे दोन जोड बरे.

पंचांसाठी एक बाब. ग्रिप सॉक्स आखूड असतात, म्हणून खेळाडू संघाचा मोजा घोट्यापाशी कापतात आणि सांधा चिकटपट्टीने झाकतात. फुटबॉलच्या चौथ्या नियमानुसार बाहेरून लावलेली पट्टी मोज्याच्या त्या भागाच्या रंगाचीच हवी. हे सामन्याआधी तपासा, मैदानात मुलाला थांबवू नका.

आणि ज्यांच्या संघात असे मोजे आधीच आले आहेत, त्यांना विनंती. शंकू मांडून नागमोडी धाव घ्या. तोच मुलगा, तेच बूट, एकदा साधे मोजे, एकदा ग्रिपचे. पुढच्या खेपेला क्रम उलटा करा, म्हणजे दमल्याचा दोष मोज्यावर जाणार नाही. कोरड्या दिवशी आणि चिखलात वेगवेगळ्या वेळा लिहा. मुलाला कोणते मोजे पायात आहेत हे कळतेच, तेव्हा त्याला काय वाटले तेही वेगळ्या रकान्यात नोंदवा. या नोंदी आमच्याकडे पाठवा. फरक पडला नाही, तरीही पाठवा.