सरासरीचा खडक

भिंगारकडे विहीर खणायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला : शेजारच्याला पाणी किती फुटांवर लागले? बँकेत असताना विहिरीच्या कर्जाच्या कागदांवर मीही त्याच उत्तराच्या भरवशावर सही करीत असे. पण बांधाच्या अलीकडे पाणी नि पलीकडे कोरडा काळा पाषाण, असे दोनदा पाहिले आणि सही करताना हात अडखळू लागला.

हाच पेच तेल शोधणाऱ्यांनाही पडतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये तेल शोधले; १९७६ मध्ये ‘मुंबई हाय’चे उत्पादन सुरू झाले. हे तेल तळ्यासारखे साचलेले नाही, चुनखडकाच्या बारीक छिद्रांत ते मुरलेले आहे. तपासायला हाती येणारा खडकाचा तुकडा बोटाएवढा. जमिनीत लहरी सोडून मिळणारे चित्र मैलोगणती पसरलेले, पण काही मीटर जाडीचे थर त्यात सहसा वेगळे दिसत नाहीत. संगणकावरच्या नकाशातला एकेक चौकोन शंभरेक मीटरचा. बोटाएवढ्या तुकड्याचा गुण एवढ्या चौकोनाला लावायचा, म्हणजे सरासरी आलीच.

छिद्रांची सरासरी साध्या बेरीज-भागाकाराने निघते. तेल वाहू देण्याच्या गुणाची तशी निघत नाही. वाड्याची दहा दारे एकामागे एक आहेत. नऊ उघडी, एक बंद. सरासरीने वाडा नव्वद टक्के उघडा, पण आतला माणूस आतच! मुंबई हायच्या चुनखडकातही चिकणमातीच्या खडकाचे पातळ थर असे मधेमधे आहेत. म्हणून जाणते तंत्रज्ञ एकाच नकाशावर विसंबत नाहीत. अनेक नकाशे काढतात आणि विहिरींच्या प्रत्यक्ष उत्पादनाशी ताडून पाहतात.

आपल्या भूजलाचा हिशेबही पाणलोट क्षेत्रावर होतो आणि ‘सुरक्षित’ असा शेरा मिळतो. शेरा खोटा नसतो, पण तो साऱ्या क्षेत्राचा असतो. एखाद्या गट नंबरातल्या खडकाबद्दल तो काही सांगत नाही. तेल कंपनीची एक विहीर कोरडी गेली तर दुसरी भरून काढते. शेतकऱ्याची विहीर एकच असते, आणि कर्जाचा हप्ता काही सरासरीने येत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : विहिरीचे कर्ज मंजूर करताना आकड्याशेजारी त्यातली शंकाही लिहावी, आणि विहीर कोरडी गेली तर सारा तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये.