श्रेय यादवांचे की म्हाइंभटांचे?

सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी. गोंदेश्वराचे मंदिर पाहताना आम्हा सिन्नरकरांची छाती फुगते ती उगाच नव्हे. पण याच अभिमानापोटी एक विधान सर्रास केले जाते: यादवांनी राजाश्रय दिला म्हणून मराठी ग्रंथभाषा झाली. ते मला साफ अमान्य आहे.

यादव दरबारातले थोर ग्रंथ कोणत्या भाषेत आहेत? हेमाद्री पंडिताचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ संस्कृतात, शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ संस्कृतात, जल्हणाची ‘सूक्तिमुक्तावली’ही संस्कृतात. शिलालेखांत मराठी आहे, पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख आहे, हे कबूल. पण दानाची नोंद कोरणे वेगळे आणि तत्त्वज्ञान पेलणारे गद्य घडवणे वेगळे.

ते गद्य घडवले महानुभाव संन्याशांनी. संस्कृतात मुरलेल्या म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधर यांना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून आठवणी जमवल्या, पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतल्या आणि १२७८च्या सुमारास ऋद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पंथातले पंडित केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनीच त्यांना थांबवले. पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. मराठीच्या बाजूने याहून मोठा निर्णय मला ठाऊक नाही, आणि तो कोणत्याही राजाने घेतलेला नाही.

यावर आक्षेप येतो की पंथाने पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत कोंडल्या. ती लिपी नंतरची, स्वाऱ्यांच्या धामधुमीनंतरची. त्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. पंथाबाहेरचा वाचक शतकानुशतके दुरावला, ही हानी मात्र खरी आहे. ती लपवू नये.

राजाश्रयावरच सारे उभे असते, तर यादवांची नंतरची राजधानी देवगिरी पडल्यावर मराठी आटली असती. राजाविना भाषा उभी राहते याचा दाखला बाहेरही आहे: बल्गेरियात तर तुर्की अमलाखाली स्वतःचा राजाच उरला नव्हता. तरीही १७६२ साली हिलेंदार मठातल्या पैसी या साधूने आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. १७६५मध्ये कोतेल गावच्या एका धर्मगुरूने त्याची हाताने नक्कल केली. तोच पुढे व्रात्साचा बिशप सोफ्रोनी झाला, आणि १८०६मध्ये निघालेले त्याचे ‘नेदेल्निक’ हे आधुनिक बल्गेरियनमधले पहिले छापील पुस्तक मानले जाते. राष्ट्राची जाग मठातून आली.

सिन्नरच्या मुलांना गोंदेश्वर जरूर दाखवा. पण तिथेच बसवून त्यांना एखादी लीळाही मोठ्याने वाचून दाखवा. सातशे वर्षांपूर्वीची ती मराठी त्यांना बरीचशी कळेल.