विश्लेषण : सायकलच्या हँडलला आता किमान रुंदी, लहान चणीच्या सायकलपटूंचं काय?

पुण्यात 19 ते 23 जानेवारी 2026 या काळात पुणे ग्रँड टूर ही 437 किलोमीटरची सायकल शर्यत झाली. ही शर्यत आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना म्हणजे यूसीआयच्या कॅलेंडरमधली, त्यामुळे तिला यूसीआयचेच नियम. त्यातला एक नियम त्याच महिन्याच्या 1 तारखेपासून लागू झाला होता. रोड रेसच्या सायकलचं हँडल ठराविक मापापेक्षा अरुंद असता कामा नये, असं तो सांगतो.

वरवर बघता हा तांत्रिक तपशील वाटतो. पण त्यावरून 2025 च्या उन्हाळ्यापासून सायकलिंगच्या जगात बरंच वादळ उठलं, आणि सर्वाधिक नाराजी महिला सायकलपटूंची होती.

नियम नेमका काय आहे?

हँडलची एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी किमान 400 मिलिमीटर हवी. दुसरं माप ब्रेकच्या मुठींमधल्या अंतराचं. या मुठींना सायकलवाले 'हूड' म्हणतात आणि रोड बाईकवर हात बहुतेक वेळ तिथेच असतात. दोन हूडच्या आतल्या कडांमध्ये किमान 320 मिलिमीटर अंतर हवं, असं जून 2025 मध्ये जाहीर झालं. टीकेनंतर ते 280 मिलिमीटरवर आणलं गेलं. 400 चा आकडा मात्र हलला नाही.

इथे एक गोंधळ होतो. दुकानात हँडलचं माप साधारणपणे नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत सांगतात, तर यूसीआय बाहेरून बाहेर मोजते. नळीची जाडी वजा केली की 400 म्हणजे दुकानातलं जवळपास 38 नंबरचं हँडल. त्याच्या खालचं 36 नंबरचं सरळ हँडल या नियमात बसत नाही.

हँडल इतकी अरुंद का झाली?

कारण हवा. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाला सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला अडवणारं सगळ्यात मोठं धूड सायकल नसून तिच्यावर बसलेला माणूस असतो. हात जवळ आले की खांदे आत येतात आणि अडथळा कमी होतो. जुना ठोकताळा होता 'खांद्याएवढं हँडल'. गेल्या काही वर्षांत व्यावसायिक रायडर्स त्याच्या बरेच खाली गेले. काहींनी तर हँडल तेच ठेवून ब्रेकच्या मुठी आतल्या बाजूला वळवून घेतल्या.

यूसीआयचं म्हणणं सुरक्षिततेचं आहे. दीडशे-पावणेदोनशे रायडर्स एकमेकांना खेटून जात असताना अरुंद हँडलवर सायकल सावरायला कमी तरफ मिळते. या म्हणण्यात तथ्य आहे. अतिरेक करणारेही होते, आणि त्यांना कुठेतरी थांबवणं भागच होतं.

मग अडचण कुठे आहे?

एकच आकडा सगळ्या शरीरांना लावण्यात. प्रौढ पुरुषाच्या खांद्यांची हाडापासून हाडापर्यंतची रुंदी साधारण 40 सेंटिमीटरच्या आसपास असते, महिलांची 36 च्या आसपास. लहान चणीच्या अनेक जणींची त्याहूनही कमी. सहा फुटी पुरुषाने 36 चं हँडल लावलं तर तो हवेशी खेळत असतो. पाच फुटी रायडरने तेच लावलं तर ते तिच्या मापाचं असतं. नियमाला मात्र दोघं सारखेच.

खांद्यापेक्षा रुंद हँडल धरलं की हात फाकतात आणि पुढे ताणले जातात. सायकल आहे त्यापेक्षा लांब वाटू लागते. चार-पाच तासांनी मान आखडते, खांद्याच्या पात्यांमध्ये दुखायला लागतं. थकलेला, आखडलेला रायडर घाटउतारावर सायकल चांगली हाताळत नाही. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेला नियम काही जणींच्या बाबतीत सुरक्षितता कमी करू शकतो, आणि टीकेचा गाभा हाच होता.

280 च्या बदलाने यावर निम्मं उत्तर मिळालं. खाली पसरट आणि वर निमुळतं हँडल लावलं, तर तळाशी 400 भरतात आणि हूडवर हात जवळ राहतात. या पसरटपणालाही मर्यादा आहे. शिवाय वेगाने उतार उतरताना रायडर हँडलच्या खालच्या भागाला धरतो, आणि तिथे 400 आहेतच.

खरा प्रश्न वेगळाच आहे. टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने घड्याळाशी लढण्याच्या शर्यतीत यूसीआयने 2023 पासून उंचीप्रमाणे तीन गट केले आहेत : 180 सेंटिमीटरच्या आत, 180 ते 190 आणि त्यावर. उंच रायडर्सना पुढच्या दांड्या लांब ठेवायची मुभा त्यातून मिळाली. शरीर बघून नियम करता येतो, हे संघटनेने स्वतःच दाखवून दिलं आहे. उंच माणसांच्या हातांसाठी जे जमलं, ते अरुंद खांद्यांसाठी न जमण्याचं पटेल असं कारण दिसत नाही.

बसण्याच्या पद्धतीवरून यूसीआय आणि रायडर्स यांची झटापट तशी जुनीच आहे. ग्रॅम ओब्रीने 1993 मध्ये हात छातीखाली दुमडून तासाभराचा विश्वविक्रम केला. पुढच्याच वर्षी ती बैठक बाद झाली. उतारावर सीट सोडून दांड्यावर बसण्यावर 2021 मध्ये बंदी आली.

शर्यत न लावणाऱ्यांनी काय पाहावं?

हा नियम शर्यतींपुरता आहे. ब्रेव्हे करणाऱ्यांना किंवा रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्यांना तो लागू नाही. पण व्यावसायिक रायडर्सचं बघून अरुंद हँडल बसवायची हौस इथपर्यंत येते. नव्या रोड बाईकसोबत जे हँडल येतं ते फ्रेमच्या साइजवरून ठरतं, खांद्यांवरून नाही. म्हणून आधी मित्राला टेप धरायला लावून खांद्याच्या दोन्ही टोकांच्या हाडांमधलं अंतर मोजावं. हँडल त्याच्या एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे असेल तर त्यावर खर्च करायची गरज नसते.

कारण दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा सीटमध्ये सापडतं. क्रँक सीटच्या नळीच्या रेषेत आणून टाच खालच्या पेडलवर ठेवावी. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पंजा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक उरतो, साधारण 25 ते 35 अंशांचा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू बोलते. फार वर असेल तर मागची बाजू दुखते आणि कंबर डावी-उजवी डोलते.

तळहाताला मुंग्या आल्या की लोक जेलचे ग्लव्हज घेतात. आधी सीटचं नाक बघावं. ते खाली झुकलेलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. सीट सपाट केली की अनेकांचा त्रास तिथेच कमी होतो. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ढकलणं हाही नेहमीचा घोटाळा. त्याने पेडलवरची गुडघ्याची जागा बिघडते. त्याऐवजी हँडल धरणारा स्टेम दहा मिलिमीटरने आखूड घ्यावा. एका वेळी एकच बदल, तोही काही मिलिमीटरचा, आणि मग दोन-तीन राइड. नाहीतर फरक कशाने पडला ते कळतच नाही.

नवी सायकल घेताना मात्र एक गोष्ट दुकानातच विचारून घ्यावी. महागड्या सायकलींमध्ये हँडल आणि स्टेम आता एकाच कार्बन तुकड्याचे येतात, आणि ब्रेकच्या नळ्या त्यांच्या पोटातून जातात. दिसायला देखणं, पण स्टेम दहा मिलिमीटर आखूड करायचा तर अख्खा तुकडा बदला, बऱ्याचदा नळ्या सोडवा, ब्रेकमध्ये पुन्हा तेल भरा. साधा वेगळा स्टेम असेल तर पान्याने अर्ध्या तासात काम होतं. त्यामुळे बिल फाडण्यापूर्वीच माप बदलून मिळेल का, हे ठरवलेलं बरं.

हात लहान असतील तर बहुतेक ब्रेक लिव्हरमध्ये एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो आणि उतारावर बोटं न ताणता ब्रेक लागतो. या कामाला पैसे लागत नाहीत, आणि अनेक सायकलींमध्ये तो स्क्रू कंपनीतून आला तसाच असतो.